जुनी पुस्तके : एका सामान्य वाचकाचे मनोगत

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पनवेल येथे झालेले भाषण)



वाङ्मयावर बोलण्याचा मला कोणताही अधिकार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. मी प्राध्यापक नव्हे की लेखक नव्हे. छत्तीस वर्षे मुंबईत फोर्टातील एका कचेरीत कारकुनी केली आणि जाता-येता जे हाती लागले ते वाचले, एवढेच माझे भांडवल. तथापि चिटणीसांनी ‘पुस्तकांवर काहीतरी बोला’ असा आग्रह धरला, तो मी मोडला नाही. त्यात माझा थोडा स्वार्थ आहे. तो पुढे ओघाने येईलच.

वाचनाची गोडी लागली ती आपल्या गावच्या के. गो. लिमये वाचनालयात. परंतु पुस्तक स्वतःचे असावे ही हाव मात्र मुंबईने लावली. पनवेलला हार्बर मार्गाची लोकल आली १९९८ साली; त्यापूर्वी आम्ही एस. टी.च्या गाडीने खाडीपूल ओलांडून ये-जा करीत असू. कचेरी सुटली की फ्लोरा फाउंटनच्या परिसरातील फूटपाथवर पुस्तकांच्या राशी मांडलेल्या असत, त्या चाळावयाच्या आणि खिशातील पैसे मोजून एखादे पुस्तक उचलावयाचे, हा नित्यक्रम. नवे पुस्तक घेण्याची ऐपत नव्हती हे जुन्या पुस्तकांचे पहिले कारण. पुढे ऐपत आली, पण तोवर सवय जडून गेली होती.

दुर्मिळ असे मला काही गवसले नाही. मराठीतील पहिला दिवाळी अंक म्हणून का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’च्या १९०९ च्या अंकाचे नाव घेतात, तो मी पुष्कळ वर्षे शोधला. सापडला असता तरी विक्रेत्याने तो मला परवडू दिला नसता. डॉ. केतकरांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस विभाग, त्यांतील एकच, तोही पाठीचा पुठ्ठा गेलेला, मजकडे आहे. परिणामी त्या विभागातील अक्षरांनी सुरू होणाऱ्या विषयांवर मी घरात मोठ्या अधिकाराने बोलतो आणि उरलेल्या वर्णमालेविषयी मौन पाळतो. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, वर्णमाला फार लहान आहे.

माझा खरा सोबती म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारून वाढविलेली दुसरी १८५७ ची. माझी प्रत पुण्याहून १९७५ साली निघालेल्या पुनर्मुद्रणाची, तीही कोणा शिक्षकाच्या घरून रद्दीत आलेली असावी. समासात लाल शाईने सुरेख अक्षरात टिपा आहेत. हा परकी लष्करी गृहस्थ येथील शास्त्र्यांना हाताशी धरून शब्द गोळा करीत बसला, आणि कोकणात चालणारा शब्द कोणता, देशावरचा कोणता, याच्या खुणाही त्याने करून ठेवल्या. त्या खुणा पाहत पाने उलटावी, म्हणजे आपलाच मुलूख समोर येतो. खाजण, खलाटी, आगर, पडाव, गलबत. माझ्या नातवाने परवा विचारले, ‘आजोबा, खाजण म्हणजे काय हो?’ मी त्याला दाखवावयास म्हणून गच्चीवर नेले. भरतीचे पाणी चढणारी ती खारी जमीन जेथे होती, तेथे आता विमानतळाचा भराव आहे. विमानतळास माझा विरोध नाही. नातवाला तर विमाने मोजण्याचा छंदच जडला आहे. परंतु जमीन भरावाखाली गेली आणि शब्द मात्र कोशात राहिला, असे झाले खरे. गच्चीवरून खाली येऊन आम्ही दोघांनी तो कोशात पाहिला.

जुन्या पुस्तकांत नव्या वाचकाला पहिला अडथळा होतो तो अनुस्वारांचा. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले, आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वी ‘तें पुस्तक वाचलें’ असे लिहीत. मी जातों, पण मीं केलें. पहिल्या ‘मी’ला टिंब नाही, दुसऱ्याला आहे, कारण दुसरा तृतीयेतला. मुलांच्या पाठीवरचे ते ओझे उतरले, हे उत्तमच झाले. मी स्वतः शाळेत अनुस्वारांपायी पुष्कळ छड्या खाल्ल्या आहेत. मात्र ती टिंबे निव्वळ शास्त्र्यांची हौस होती असे जे म्हटले जाते, ते मला पटत नाही. आमची आजी ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ नाकातूनच म्हणे. तिला व्याकरणाचा गंधही नव्हता. लिहिता तर येतच नव्हते. तेव्हा १९६२ पूर्वीचे पुस्तक हाती आले की मुलांनी ‘हे अशुद्ध आहे’ म्हणून बाजूला टाकू नये. मोठ्याने वाचून पाहावे.

भाषेच्या शुद्धतेविषयी आपल्या मंडळात दरवर्षी एक तरी वाद होतोच, म्हणून माझेही मत सांगतो. सावरकरांनी घडविलेला ‘महापौर’ हा शब्द मला फार आवडतो. आपल्या गावात नगरपालिका स्थापन झाली १८५२ साली आणि महानगरपालिका झाली २०१६ साली. त्यामुळे तो शब्द आता आपल्याही दारी आला. परंतु शुद्धीच्या उत्साहात कागद, दौत, कलम, शाई, दप्तर आणि बाजार यांना परके म्हणून हाकलू लागलो, तर लिहावयाचे कशाने आणि विकावयाचे कोठे? खुद्द ‘रद्दी’ हा शब्द अरबी मुळाचा. तो मात्र कोणी हाकलला असता तर मी आड आलो नसतो.

कारण रद्दीशीच माझी जुनी गाठ आहे. वडील वारल्यावर, १९९४ साली, आम्ही वाडा सोडून सदनिकेत राहावयास गेलो. जागा तीन खोल्यांची. वडिलांच्या पुस्तकांची कपाटे दोन. मी स्वतःला जाणता वाचक समजत होतो, म्हणून निवड मीच केली. नावाजलेली पुस्तके ठेवली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवली, कोश ठेवले. पंचांगे, लग्नपत्रिका, नाटकांची जाहिरातपत्रके, ज्ञातीची वार्षिके आणि स्मरणिका यांची पोती बांधून दिली. रद्दीवाल्याने पुठ्ठे फाडून वेगळे केले आणि कागद वेगळा, असे दोन वेळा तोलले. मी काटा बरोबर आहे की नाही तेवढे पाहत उभा होतो.

पुढे दोन वर्षांनी मावशी घरी आली असता बोलता बोलता म्हणाली, ‘अरे, तुझ्या आईने ज्ञातीच्या पुस्तकात लिहिले होते ना, स्वयंपाकघरातील भांड्यांवर, ते जपून ठेव हो.’ मला ठाऊकच नव्हते. आई मी कॉलेजात असतानाच गेली. तिने काही लिहिले होते, आणि ते छापून आले होते, हे वडील कधी बोलले नाहीत. बोलले असतील तर मी ऐकले नाही. मावशीच्या आठवणीप्रमाणे तो लेख चारेक पानांचा होता. रोवळी, वेळणी, ओगराळे, तसराळे, शिंके अशी एकेका भांड्याची हकीकत आणि ते कोणाच्या माहेरून आले ते त्यात होते. वर्ष १९६१. म्हणजे नव्या नियमांच्या आदल्याच वर्षी. तिने सारे अनुस्वार दिले असतील.

यातून मला जे कळले ते असे. ‘स्मृतिचित्रे’ मी रद्दीत दिली असती तरी काही बिघडले नसते. ती आजही कोणत्याही दुकानात मिळतात. ज्ञानकोश आज संगणकावर वाचावयास मिळतो. मोल्सवर्थ तर शिकागोच्या विद्यापीठाने साऱ्या जगाला खुला करून दिला आहे. मोठ्या पुस्तकांना आपल्या कपाटांची गरज उरलेली नाही. जे फक्त आपणच छापले, तीनचारशे प्रती काढून आपल्याच घरांत वाटले, ते मात्र आपण टाकले की संपले. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवावयाची असते. आपल्या स्मरणिका कधी तेथे पाठविल्या गेल्या काय, असे मी जुन्या चिटणीसांना विचारले, तेव्हा ते नुसते हसले.

आता स्वार्थाचे बोलतो. आपली वास्तू पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची आहे, आणि कार्यकारी मंडळापुढे ‘कपाटांतील निरुपयोगी पुस्तकांची विल्हेवाट’ असा विषय आहे. शब्द सभ्य आहे; अर्थ पोती बांधणे असा आहे. मी गेल्या महिन्यात परवानगी घेऊन ती दोन कपाटे पाहिली. कादंबऱ्यांना कसर लागली आहे. त्या खुशाल द्याव्या. शालेय पुस्तके कालबाह्य आहेत, तीही द्यावी. परंतु खालच्या फळीवर मंडळाच्या स्मरणिका, वधूवर सूची, शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांच्या याद्या आणि काही मोडी दप्तरे आहेत. मोडी वाचणारे आपल्यात आता एक-दोनच वृद्ध उरले आहेत. ते आहेत तोवर त्यांच्याकडून निदान प्रत्येक दप्तरावर ‘हे कशाचे’ एवढी चिठ्ठी लिहून घ्यावी. ही एक फळी ठेवण्यास माझ्या घरी जागा आहे. सूनबाईंची संमती घेऊनच बोलतो आहे. आपल्यातील तरुण मंडळींनी पानांची छायाचित्रे काढून दिली, तर प्रत्येक घरी एकेक संच जाईल. त्याचा खर्च मी सोसेन.

त्या फळीवर १९५८, १९५९, १९६० आणि १९६३ च्या स्मरणिका आहेत. १९६१ ची नाही.

ही स्मरणिका आपल्या हाती येईल तेव्हा माळ्यावरील पेटी, देव्हाऱ्याखालचा खण, माहेरच्या कपाटाचा तळ एकदा पाहावा. १९६१ चे वार्षिक कोणाकडे असल्यास मला ते नको. चार पाने उतरून घेण्यापुरते एक दिवस द्यावे. मी स्वतः येऊन घेईन आणि स्वतः आणून देईन. माझा पत्ता चिटणीसांकडे आहे.