देवाला विचारावे कसे?



आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही कामगारांच्या प्रश्नांवर बोलू, असे पुष्कळांना वाटले असेल. परंतु आजचा विषय वेगळा आहे. ख्रिस्ती माणसाने रोजच्या व्यवहारात देवाचे मार्गदर्शन कसे मागावे, हा तो विषय. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ झाले. तेव्हा धर्मशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. आम्ही निर्णय घेतले आणि त्यांतले काही चुकले, एवढाच आमचा अधिकार.

लग्न जमवायचे असो की विहीर खणायची असो, आपल्याकडे देवाला कौल लावतात. आम्हां ख्रिस्ती लोकांत काहीजण कौलाला हसतात. पण अडचण आली की डोळे मिटून बायबल उघडतात आणि बोट पडेल ते वचन देवाची आज्ञा समजतात. हाही कौलच! दोन्हींकडे एक सोय होते: निर्णयाचे ओझे आपल्या डोक्यावरून उतरते.

ते उतरू देणे किती महाग पडते, हे आम्ही पाहिले आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात पगारवाढीच्या वाटाघाटी चालू होत्या. मालकांनी मधली तडजोड पुढे केली. कमिटीतले बहुतेक लोक ती घ्यावी या मताचे होते. आम्ही रात्रभर प्रार्थना केली आणि सकाळी सांगितले, की आम्हांला स्पष्ट प्रकाश मिळाला आहे, तडजोड नको. लोकांचा आमच्यावर विश्वास होता. संप झाला, लांबला आणि मोडला. कायम कामगार परत आत गेले. कंत्राटी कामगारांना मात्र परत घेतले नाही. त्यांच्यापैकी एकाची पत्नी आमच्या दारात आली. ती रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, “दादा, तुम्ही देवाला विचारलं म्हणता. मग आम्हांला का नाही विचारलं?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही ज्याला प्रकाश समजलो, तो मालकांवरचा आमचा राग होता. शिवाय संपाच्या काळात आमची स्वतःची चूल एक दिवसही विझली नव्हती.

त्यानंतर आम्ही ‘प्रेषितांची कृत्ये’ पुन्हा वाचू लागलो. पंधराव्या अध्यायात यरुशलेमची सभा आहे. यहूदी नसलेले जे लोक ख्रिस्ताकडे आले, त्यांच्यावर सुंतेचे आणि मोशेच्या नियमशास्त्राचे ओझे घालावे काय, असा वाद होता. ते प्रेषित प्रार्थनेची माणसे होती. तरी त्यांनी देवाची इच्छा एकेकट्याने ठरवली नाही. सभा भरवली. पुष्कळ वादविवाद झाला. पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल यांनी अनुभव सांगितले, शेवटी याकोबाने निर्णय मांडला आणि नको ते ओझे उतरले. हा निर्णय पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटला, अशा आशयाचे पत्र त्यांनी पाठवले. युनियनच्या माणसाला हा अध्याय लवकर कळतो!

आता आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची हाक खरी होती, याविषयी आम्हांला शंका नाही. पण त्या हाकेची किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली. काही वर्षे पतीचा विरह, नातलगांत दुःख आणि लोकांची बोलणी. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हे विसरता येत नाही. पुढे त्या पतीजवळ राहायला आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळून. मग हळूहळू त्यांना वाटू लागले, की जातिभेद हे माणसांचे काम आहे, देवाचे नव्हे. प्रथम खाण्यापिण्यातला भेद सुटला. बाप्तिस्मा नंतर, 1900 मध्ये. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, यापेक्षा रोजचा निर्णय कोणता? त्यांना मार्गदर्शन मिळाले ते अशा साध्या प्रश्नातून, आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः दिली.

किंमत कोण देतो, हे भाटघरच्या लोकांना आम्ही काय सांगावे? ब्रिटिश अमदानीत, 1927-28 च्या सुमारास, येथे वेळवंडी नदीवरचे हे धरण पुरे झाले. नीरेच्या कालव्यांनी खालच्या मुलखात पिके उभी राहिली, ही लहान गोष्ट नव्हे. पण जमीन बुडाली ती वरच्या गावांची. आजही उन्हाळ्यात पाणी ओसरले, की कांबऱ्याचे कांबरेश्वराचे देऊळ वर येते. ते पाहिले की आम्हांला त्या बाईचा प्रश्न ऐकू येतो.

म्हणून आता आम्ही प्रार्थनेआधी दोन गोष्टी करतो. आपल्याला कोणते उत्तर हवे आहे, ते कागदावर लिहितो. म्हणजे आपला आवाज ओळखता येतो. आणि या निर्णयाचा भार ज्यांच्यावर पडणार, त्यांच्या घरी जाऊन बसतो. मुलीची शाळा बंद करायची असेल, तर मुलीला विचारावे. कर्ज काढायचे असेल, तर ते फेडताना जिला पोट मारावे लागेल तिला विचारावे. मग गुडघे टेकावेत.

गेथशेमाने बागेत ख्रिस्ताने आपली इच्छा पित्यापुढे उघड मांडली आणि नंतर ती त्याच्या स्वाधीन केली. त्या प्रार्थनेची किंमत त्याने दुसऱ्या कोणाकडून घेतली नाही. आपण देवाचे नाव घेऊन निर्णय सांगतो, तेव्हा एवढी तरी लाज आपल्याला असावी.