अमेरिकेचा कौल आणि भोपाळचा मतदार

नववीच्या वर्गात नागरिकशास्त्र शिकवीत असताना एका मुलाने मला विचारले होते, "सर, मते तिकडच्या लोकांनी द्यायची, निवडून तिकडचेच लोक यायचे, मग अमेरिकेच्या निवडणुकीची चर्चा आपल्याकडे एवढी कशाला?" प्रश्न रास्त होता. मी त्याला तेव्हा जे उत्तर दिले ते मलाच अपुरे वाटले. ते अपुरे उत्तर पुरे करण्याचा आज प्रयत्न करणार आहे.

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची पुढील निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ या दिवशी आहे. ही तारीख कोणी आयुक्त जाहीर करीत नाही. नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, असे तेथील कायद्यानेच ठरवून टाकले आहे. त्याच दिवशी प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागा आणि सिनेटच्या १०० जागांपैकी सुमारे एकतृतीयांश जागा भरल्या जातील. ही दोन सभागृहे मिळून जी संसद होते तिला तेथे 'काँग्रेस' म्हणतात. आपल्याकडील पक्षाशी या नावाची गल्लत होऊ नये. योगायोग असा, की मध्यप्रदेश विधानसभेच्या निवडणुका २००८, २०१३, २०१८ आणि २०२३ या चारही वेळी नोव्हेंबरातच झाल्या. पाच वर्षांचा हा क्रम कायम राहिला, तर २०२८ च्या अखेरीस अमेरिकेतील मतदार आणि भोपाळचा मतदार जवळजवळ एकाच सुमारास मतदानाला बाहेर पडतील.

अमेरिकेची निवडणूक समजण्यात आपली पहिली अडचण अशी, की ज्याला देशात अधिक मते तो अध्यक्ष, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती तशी नाही. तेथे ५३८ निर्वाचकांचे एक मंडळ असते आणि २७० निर्वाचक मिळवील तो अध्यक्ष होतो. भोपाळकरांना निर्वाचक मंडळ ही कल्पना अपरिचित वाटू नये. आपल्याच शहरात जन्मलेले, १९५२ साली तेव्हाच्या भोपाळ राज्याचे मुख्यमंत्री झालेले डॉ. शंकरदयाळ शर्मा १९९२ साली राष्ट्रपती झाले ते अशाच मंडळाच्या मतांनी. फरक इतकाच, की आपले निर्वाचक म्हणजे निवडून आलेले आमदार-खासदार असतात आणि ते स्वतःच्या मर्जीने गुप्त मतदान करतात. अमेरिकेतील निर्वाचक मात्र राज्याने दिलेला कौल पोचविण्यापुरतेच असतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर ज्या राज्यात एका मताने जरी आघाडी मिळाली तरी त्या राज्याचे सर्व निर्वाचक त्या उमेदवाराच्या पदरात पडतात.

त्यामुळे काय होते? २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रंप यांच्यापेक्षा २८ लाखांहून अधिक मते पडली, आणि अध्यक्ष मात्र ट्रंप झाले. आपण यावर आश्चर्य करतो. पण २०१८ साली आपल्याच राज्यात काय घडले ते आठवावे. भारतीय जनता पक्षाला मते किंचित अधिक होती आणि जागा १०९. काँग्रेस पक्षाला मते किंचित कमी आणि जागा ११४. सरकार ११४ वाल्यांचे आले. मते कोठे पडली याला, ती किती पडली याइतकेच महत्त्व असते, हा धडा आपणही घरबसल्या गिरवलेला आहे. तथापि पुढील कथा निराळी झाली. ते सरकार मार्च २०२० मध्ये, मुदत संपण्याच्या कितीतरी आधी गेले. अमेरिकेत तसे घडत नाही. काँग्रेसमधील बहुमत विरोधात गेले तरी अध्यक्ष आपली चार वर्षे पुरी करतो. महाभियोग ही अपवादाची वाट सोडली, तर त्याला मध्येच घालविण्याचा मार्ग नाही.

आता २०२८ चा रंग कसा दिसतो ते पाहू. भविष्य सांगणे हे शिक्षकाचे काम नव्हे. पण बेरीज-वजाबाकी करून दाखविणे हे आहे. २०२४ साली ट्रंप यांना ३१२ आणि कमला हॅरिस यांना २२६ निर्वाचक मिळाले. निर्वाचकांची राज्यवार वाटणी २०२० च्या जनगणनेवर ठरलेली असल्याने २०२८ मध्येही ती तीच राहील. हॅरिस यांच्या २२६ मध्ये पेनसिल्व्हानियाचे १९, मिशिगनचे १५ आणि विस्कॉन्सिनचे १० मिळविले, तर बेरीज बरोबर २७० होते. एकही कमी नाही, एकही अधिक नाही. या तीन राज्यांतील ट्रंप यांची आघाडी अनुक्रमे सुमारे १ लाख २० हजार, ८० हजार आणि २९ हजार मतांची होती. एकूण २ लाख ३० हजारांच्या आसपास. त्याच वर्षी एकट्या भोपाळ लोकसभा मतदारसंघात विजयी उमेदवाराचे मताधिक्य पाच लाखांहून अधिक होते! एवढ्या मोठ्या देशाचे पारडे ज्या मतांनी झुकले ती आपल्या एका मतदारसंघाच्या मताधिक्याच्या निम्मीही नव्हती.

दुसरी गोष्ट उमेदवारांची. अमेरिकेच्या घटनेतील १९५१ साली संमत झालेल्या बाविसाव्या दुरुस्तीप्रमाणे कोणालाही दोनपेक्षा अधिक वेळा अध्यक्ष म्हणून निवडून येता येत नाही. ट्रंप २०१६ आणि २०२४ असे दोनदा निवडून आले आहेत. म्हणजे २०२८ साली गादी मोकळी आहे. त्या दुरुस्तीपासून विद्यमान अध्यक्ष रिंगणात नाही अशा आठ निवडणुका झाल्या: १९५२, १९६०, १९६८, १९८८, २०००, २००८, २०१६ आणि २०२४. यांपैकी सात वेळा सत्तारूढ पक्ष हरला. अपवाद एकट्या १९८८ चा, जेव्हा रेगन यांचे उपाध्यक्ष थोरले बुश निवडून आले. हा हिशेब रिपब्लिकन पक्षाला चिंता वाटावी असाच आहे.

पण इतिहासातील सवय म्हणजे कायदा नव्हे, हेही विसरता कामा नये. १९२८ साली अल स्मिथ हे कॅथलिक उमेदवार पडले, तेव्हा कॅथलिक माणूस अमेरिकेचा अध्यक्ष होणे शक्य नाही असे शहाणीसुरती माणसे बोलत असत. बत्तीस वर्षांनी केनेडी निवडून आले, आणि तेही सव्वा लाखाहून कमी मताधिक्याने. मी स्वतः कॅथलिक असल्यामुळे आमच्या घरी ही गोष्ट वडीलधारी माणसे कौतुकाने सांगत. मी मुलांना ती सांगतो ती वेगळ्या कारणासाठी. 'आजवर झाले नाही' आणि 'होणार नाही' या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे.

श्रोतेहो, येथवर आपण केवळ अध्यक्षांविषयी बोललो. वृत्तपत्रेही बहुधा एवढेच बोलतात. पण आपल्या हिताच्या दृष्टीने काँग्रेसकडे लक्ष ठेवणे अधिक अगत्याचे आहे. प्रतिनिधिगृह दर दोन वर्षांनी नव्याने निवडले जाते. अध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर जी निवडणूक येते तिला मध्यावधी म्हणतात; आपल्याकडील मध्यावधीसारखी ती सभागृह मोडल्याने येत नाही, ठरल्या वेळी येते. १९४६ ते २०२२ पर्यंतच्या अशा २० निवडणुकांपैकी १८ वेळा अध्यक्षांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील जागा गमावल्या. १९९८ आणि २००२ हे दोनच अपवाद. या चढाओढीत जागा राखण्यासाठी २०२५ साली टेक्सास आणि कॅलिफोर्निया या दोन मोठ्या राज्यांनी जनगणनेची वाट न पाहता मतदारसंघांच्या सीमाच नव्याने आखल्या. एकाने रिपब्लिकनांच्या सोयीने, दुसऱ्याने डेमोक्रॅटांच्या.

या सभागृहात आपला मराठी माणूसही पोचला आहे. बेळगाव भागातून तिकडे गेलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून २०२२ आणि २०२४ साली प्रतिनिधिगृहावर निवडून आले. आपल्या माणसाच्या यशाने ऊर भरून यावा हे स्वाभाविक आहे. पण तो निवडून आला म्हणजे आपले काम झाले असे मात्र नाही. तो तेथील मतदारांना उत्तरदायी आहे, आपल्याला नव्हे, आणि ते योग्यच आहे.

आपला संबंध येतो तो कायद्यांशी. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील अमेरिकेचे जादा आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत गेले. सप्टेंबरमध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार जाहीर झाला. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी तिकडे जाण्याची तयारी करीत होती, त्या घरात त्या रात्री काय बोलणे झाले असेल याची कल्पना आपण करू शकतो. हे दोन्ही निर्णय अध्यक्षांच्या आदेशाने झाले. वास्तविक कर आणि शुल्क बसविण्याचा अधिकार अमेरिकेच्या घटनेने काँग्रेसला दिलेला आहे. काँग्रेस जागी असेल तर अध्यक्षाचा हात आवरला जातो. ती स्वस्थ बसली तर तो मोकळा सुटतो.

आणि भोपाळला तर याहून जुने, याहून कडू कारण आहे. ६ नोव्हेंबर १९८४ रोजी अमेरिकेत निवडणूक झाली. रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. भोपाळमध्ये त्याची बातमी आली आणि गेली. त्यानंतर महिना पुरा होण्याच्या आत, २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री, एका अमेरिकन कंपनीच्या मालकीच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि झोपेतल्या वस्त्यांवर पसरला. भिंतीपलीकडच्या टाकीत काय साठवले आहे, ते सुटले तर काय करावे, हे त्या वस्त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

पुढे काय झाले? पीडितांचे दावे न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८६ साली भारतात परत पाठविले. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा हलविण्यास जानेवारी २०२५ उजाडावा लागला. परंतु आणखी एक गोष्ट घडली, ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. नोव्हेंबर १९८४ मध्ये निवडून आलेल्या त्याच काँग्रेसने ऑक्टोबर १९८६ मध्ये एक कायदा पुरा केला. कारखान्यात कोणती घातक रसायने आहेत हे जाणून घेण्याचा हक्क शेजारच्या नागरिकांना त्याने दिला. या कायद्याच्या मुळाशी भोपाळ होते. आपल्या संसदेनेही १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा केला आणि १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती केली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण विचार करण्याजोगी बाब ही, की जीव आपल्या माणसांचे गेले आणि त्यातून मिळालेल्या शहाणपणाने दूरच्या देशातील अनोळखी वस्त्यांना संरक्षण दिले. ज्या सभासदांनी ते दिले, त्यांची नावे १९८४ च्या निवडणुकीत भोपाळच्या एकाही माणसाने ऐकलेली नव्हती.

त्या मुलाला द्यावयाचे उत्तर ते हेच. बाळा, त्यांच्या निवडणुकीत आपल्याला मत नाही, पण तिचा परिणाम आपल्या दारापर्यंत येतो. म्हणून तिच्याकडे शर्यतीसारखे पाहू नये. कोण पुढे, कोण मागे याहून कोणता कायदा होणार आणि तो करणारे सभागृह कोणाच्या हाती जाणार, हे विचारावे.

आणि दुसरे असे, की जेथे आपल्याला मत आहे तेथे हाच प्रश्न विचारण्यास आपल्याला कोणी अडविलेले नाही. उमेदवार दारी आला म्हणजे जातीपातीची आणि नात्यागोत्याची विचारपूस पुष्कळ होते. आमच्या वस्तीजवळच्या कारखान्यात काय आहे, आमच्या विहिरीचे पाणी कोणी तपासले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. पेनसिल्व्हानियाच्या मतदाराने काय करावे हे आपल्या हाती नाही. भोपाळच्या मतदाराने काय विचारावे, हे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे.