संगणकांतील पियानोची पारख

नांदेड-लातूरकडे घरांत मोठा पियानो आढळणें विरळाच. त्याचें कारण केवळ किंमत नव्हे. उन्हाळ्याच्या कोरड्या उष्म्यांत पियानोचें लांकूड आकसतें, पावसाळ्यांत तें फुगतें, आणि तारांचा ताण बदलून स्वर ढळतात. तो जुळविणारा कारागीरही जवळ मिळत नाहीं. म्हणून घरच्या खोलींत अभंगाचें किंवा भावगीताचें ध्वनिमुद्रण करूं इच्छिणारा तरुण संगणकांतील पियानोकडे वळतो. तेथें मात्र इतके पियानो त्याच्यापुढें उभे राहतात कीं, निवड कशी करावी हाच प्रश्न पडतो.

हे पियानो बहुधा असे तयार होतात. खऱ्या वाद्याची पट्टी हळू, मध्यम, जोरानें, अशी अनेक प्रकारें वाजवून प्रत्येक ध्वनि मुद्रित करतात. पुढें वादकाच्या बोटाचा जोर पाहून संगणक त्या जोराचा नमुना ऐकवितो. हातोडी जोरानें पडली म्हणजे स्वर मोठा तर होतोच, पण त्याचा वर्णही उजळतो. म्हणून इतके थर लागतात. विनामूल्य मिळणारा 'सॅलमँडर' हा यामाहाच्या सी-५ पियानोवरून केलेला आहे. त्यांत जोराचे १६ थर आहेत. तथापि नमुने दर तिसऱ्या पट्टीचेच घेतलेले असून मधले स्वर त्यांवरून साधलेले आहेत. २००६ सालीं निघालेल्या 'पियानोटेक'चा पंथ निराळा. त्यांत मुद्रित नमुने नाहींत. हातोडी, तार व फळी यांचें गणित संगणक तत्क्षणीं सोडवितो. त्यामुळें तो अगदीं थोड्या जागेंत मावतो. नमुन्यांच्या मोठ्या भांडारांस मात्र अनेक गिगाबाइट जागा लागते.

परंतु आकारावरून गुण ठरत नाहींत. एक पट्टी दाबून धरावी व स्वर विझेपर्यंत ऐकावा. तीच पट्टी हळूहळू जोर वाढवीत वाजवावी. वर्ण एकदम उडी मारीत असेल तर थर कमी पडले असें समजावें. मग आपलेंच गाणें लावून पाहावें. एकटा वाजतांना भव्य वाटणारा पियानो गायकाचे शब्द झांकून टाकतो, आणि त्याचे खर्जाचे स्वर डग्ग्याशीं भांडतात. अभंगांत शब्द हा धनी आहे, हें विसरून चालणार नाहीं.

याहून सूक्ष्म गोष्ट श्रुतीची. पियानोचे बारा स्वर समान अंतरावर बसविलेले असतात. तंबोऱ्यांतून उमटणारा गंधार षड्जापासून सुमारें ३८६ सेंटांवर, तर पियानोचा ४०० सेंटांवर. हा फरक तयार कानाला बोचतो. ठाम स्वर आणि मींडेचा अभाव याच आक्षेपांवरून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीला बंदी घातली. ती १९७१ सालापासून सैल झाली. तोंवर पेटी भजनी मंडळांतून वाजतच होती. नांदेडच्या गुरुद्वारांतील कीर्तनांतही आज तिची साथ असते. जेथें ती शोभते तेथें लोकांनीं तिला ठेवून घेतलें. पियानोलाही हाच न्याय लावावा. स्वरांचीं अंतरें बदलण्याची सोय असलेला पियानो मिळाल्यास उत्तम. नसल्यास तंबोरा वाजत असतां पियानोवर गंधार धरून ठेवूं नये. षड्ज-पंचमांवर भर द्यावा, कारण पंचमांत अवघा दोन सेंटांचा फरक आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. बेताच्या मिळकतीच्या घरांतील मुलानें विनामूल्य पियानोपासून आरंभ करावा, आणि जवळची रक्कम बोटाचा जोर ओळखणाऱ्या की-बोर्डवर व बऱ्याशा हेडफोनवर खर्चावी. पट्टीला जोर कळत नसेल तर सोळा थरांपैकीं एकच वाजत राहील. वर्ष-सहा महिने असा सराव झाल्यावर आपल्या गाण्याला काय उणें पडतें हें त्याच्याच कानाला कळूं लागेल. विकत घ्यावयाचें तें तेव्हां घ्यावें.