धमनीत डोकावून पाहताना

परळमधल्या एखाद्या इस्पितळात कॅथलॅबबाहेर नातेवाईक बसलेले असतात. डॉक्टर बाहेर येऊन मुलाला म्हणतात, "बाबांची धमनी उघडली आहे. स्टेंट घालायच्या आधी एकदा आतून बघून घ्यावं म्हणतो. त्याच्या नळीचा खर्च वेगळा पडेल." मुलाच्या मनात पहिली शंका येते ती बिलाची. म्हणून आज या 'आतून बघण्या'विषयी थोडं बोलू.

धमनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर फाटला की तिथे रक्ताची गुठळी धरते. रक्त अडतं आणि पुढचा हृदयाचा स्नायू मरू लागतो, हाच हार्ट अटॅक. अशी धमनी मनगटातून किंवा जांघेतून नळी नेऊन उघडतात, ती अँजिओप्लास्टी. आंद्रेआस ग्रुन्झिग यांनी झुरिकला १९७७ साली पहिली केली. धमनी उघडी राहावी म्हणून आत बसवतात ती जाळी म्हणजे स्टेंट.

हे काम चालतं अँजिओग्राफीच्या चित्रावर. पण त्यात दिसते ती धमनीतल्या पोकळीची नुसती सावली. भिंत दिसतच नाही. त्यात अटॅकच्या वेळी धमनी आकसलेली असते, गुठळीने भरलेली असते, म्हणून ती आहे त्याहून बारीक भासते. शिंप्याने सावलीवरून सदऱ्याचं माप घ्यावं, तसा हा प्रकार. धमनी साडेतीन मिलिमीटरची आणि स्टेंट तीनचा, असं झालं तर तो भिंतीला नीट टेकत नाही. मग त्या फटीत पुन्हा गुठळी धरण्याची भीती.

आतून पाहण्याच्या पद्धती दोन. आयव्हस ध्वनिलहरींनी पाहतं, तर ओसीटी इन्फ्रारेड प्रकाशाने. नळी जेमतेम मिलिमीटरभर जाड. ओसीटीचं चित्र आयव्हसच्या साधारण दहापट बारीक असतं. मात्र त्यासाठी रंगद्रव्य सोडून काही सेकंद रक्त बाजूला सारावं लागतं, म्हणून किडनी अधू असेल तर डॉक्टर विचार करतात. आयव्हसला ते लागत नाही, आणि त्याला भिंतीतलं खोलवरचं दिसतं. धमनीचं खरं माप, कॅल्शियम किती कडक, स्टेंट पुरता उघडला का, त्याच्या टोकाशी भिंत चिरली का, हे सगळं यात कळतं.

कधी थर फाटलेलाच नसतो, त्याचं वरचं अस्तर नुसतं झिजलेलं असतं. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी अशा निवडक रुग्णांना स्टेंट न घालता औषधांवर ठेवून पाहिलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास छोटाच आहे, पण आतून पाहिल्याशिवाय हा प्रश्न पडलाच नसता. डाव्या मुख्य धमनीत किंवा गुंतागुंतीच्या ब्लॉकेजमध्ये स्टेंट घालताना हे इमेजिंग वापरावं, अशी ठाम शिफारस अमेरिकेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

राहिला खर्च. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. ती स्टेंटची, इमेजिंगच्या नळीचे पैसे निराळे लागतात. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: "यातून काय कळेल? त्याने उपचार बदलतील का?" उत्तर पटलं तर संमती देताना घुटमळू नका.

पण हे सगळं धमनी उघडल्यानंतरचं. त्याआधी इस्पितळात वेळेवर पोचायला हवं. लालबाग-परळकरांना इस्पितळं हाकेच्या अंतरावर आहेत. डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं ते इथल्याच केईएममध्ये. तरी वेळ जातो तो घरात. छाती भरून येते, दरदरून घाम फुटतो, आणि घरचे म्हणतात, "गॅस असेल, ओवा खा." तासाभराने त्याच माणसाला चाळीचे तीन जिने चालत उतरवतात. मधुमेह्यांना आणि बायकांना तर कधीकधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, नाहीतर जबडा किंवा पाठ धरते.

तेव्हा एवढं करा. अशी लक्षणं दिसली की लगेच १०८ ला फोन लावा. माणसाला चालवू नका, खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणा. चोवीस तास कॅथलॅब चालू असलेलं जवळचं इस्पितळ कोणतं, हे आजच विचारून ठेवा. कॅथलॅबमधलं इमेजिंग कितीही बारीक असो, घरी वाया गेलेला तास त्याने भरून निघत नाही.