कांडी भरणारीचा हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. बोलण्याची सवय नाही. चुकले-माकले पदरात घ्या.

आपल्या येवल्यात पैठणीचे माग पुष्कळ. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला रहाटापुढे बसवले. पैठणीच्या नक्षीला एकेका रंगाची वेगळी बारीक कांडी लागते. त्या भरायच्या, तुटला धागा सांधायचा. पैठणी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, म्हणून गाठ लपवायला जागा नसते. एवढे नाजूक काम; तरी २०११ साली खानेसुमारीला आलेल्या गुरुजींनी विचारले, “बाई, तुम्ही काय काम करता?” तेव्हा मी म्हणाले, “काही नाही, घरीच असते.” मजुरी मागावर बसणाऱ्याची; कांडीची कोणी मोजलीच नाही.

आपल्या मंडळाचा विणकाम विभाग निघाला, तेव्हा हीच गोष्ट मी सभेत काढली. वादावादी झाली. अखेर ठरले, की कांडी भरणारीची मजुरी तिच्या नावाने वहीत वेगळी लिहायची. पहिली रक्कम हाती आली, ती मी स्वयंपाकघरात जाऊन दोनदा मोजली. आता दुपारी जुन्या बायका मुलींना धागा सांधायला शिकवतात, आणि आम्ही चौघी-पाचजणी मागावरही बसू लागलो आहोत.

भगिनींनो, पुन्हा कोणी विचारले तर “काही नाही” म्हणू नका. “कांड्या भरते,” असे सांगा आणि लिहून घ्यायला लावा.