मागच्या मालकाचं वीजबिल

समजा, पडेगावात तुम्ही जुनं घर घेतलंत. खरेदीखत झालं, चाव्या हातात आल्या. वीजजोडणीचा अर्ज केला, तर उत्तर येतं: या जागेवर थकबाकी आहे, आधी ती भरा! वीज वापरली मागच्या मालकानं, थकबाकी भरायची तुम्ही?

कर्ज देताना बँक माणसाची पत बघते. महावितरण आधी जागेची थकबाकी बघते. मीटर काढून नेलं तरी ती जागेलाच चिकटलेली असते. नियमांत तरतूद असेल, तर अशी वसुली वैध ठरते, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2023 मध्ये केरळच्या प्रकरणात सांगितलं.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2005 च्या विनियमांत मात्र खरेदीदाराला मोठा दिलासा होता. त्याच्यावर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकीत वीज आकाराचाच बोजा यायचा. वारसाला ही मर्यादा नव्हती. वडिलांची थकबाकी पूर्ण भरावी लागायची.

आता त्या मर्यादेवर विसंबून न राहता सौदा ठरतानाच मालकाकडून ग्राहक क्रमांक आणि शेवटचं बिल मागा. इसार देण्याआधी, नंतर नव्हे. मागितलेली रक्कम मान्य नसेल, तर जोडणीचा नकार लेखी घ्या आणि ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रार करा.