चेंडू का वळतो?



बाळू पालवणकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता ते साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करू लागले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. इकडे संघाला त्यांचे बळी हवे असायचे, चहा मात्र त्यांना वेगळा, मातीच्या भांड्यात. बोटांनी चेंडू फिरवून तो कुठं वळेल हे त्यांना कळत होतं. ते ज्ञान होतं, पण त्याला विज्ञान कुणी म्हटलं नाही.

माझ्या शाळेत प्रयोगशाळेला कायम कुलूप. घर्षणाची व्याख्या पाठ केली, मार्क मिळाले, कळलं काहीच नाही. आता दर रविवारी मी वस्तीतल्या सातवी-आठवीच्या पोरांबरोबर मैदानात असतो. सामान म्हणाल तर टेनिस बॉल, खडू, शिवणकामाची टेप.

एक मीटरवरून बॉल सोडायचा. सिमेंटवर नवा बॉल साधारण ५५ सेंटीमीटर उसळतो. मग कोरड्या मातीवर, मग ओल्या मातीवर. ओल्यात कमी उसळणार हे पोरांना आधीच ठाऊक असतं, पावसात खेळलेली असतात ती! मी एवढंच विचारतो, उरलेली ऊर्जा गेली कुठं? वाद पेटतो. एकजण चिखलातला खड्डा दाखवतो. झालं, धडा तिथंच सुरू.

स्पिनचंही तसंच. बॉलवर खडूची रेघ मारली की फिरकी डोळ्यांना दिसते. फिरता बॉल हवेला एका बाजूला ढकलतो, हवा बॉलला दुसऱ्या बाजूला. न्यूटनचा तिसरा नियम. टप्पा पडला की घर्षण.

पण एक चूक माझ्याकडूनही झाली. सुरुवातीला पोरं बॉल टाकायची आणि वही मी धरायचो. मुली तर कडेला उभ्या. म्हणजे अंगमेहनत त्यांची, आकडे माझे! ही वाटणी आपण ओळखतो ना? आता जी बॉल टाकते तीच मोजते, तीच लिहिते, तीच आलेख काढते.

'तुमची मुलं खेळात बरी असतात' असं कुणी कौतुकानं म्हटलं, तर मी या वह्या पुढे करतो. मागच्या रविवारी एकीनं विचारलं, "सर, चंद्रावर हवाच नाही, मग तिथं स्पिन कसा पडेल?" मी म्हटलं, तूच सांग. पुढच्या रविवारी ती सांगणार आहे.